पीटीच्या कॉलममधले दोनशे रुपये

दरवर्षी फेब्रुवारीचा पगार झाला की शॉपफ्लोअरवरनं कोणीतरी ऑफिसात येतंच. हातात स्लिप, नाहीतर मोबाइलवर स्लिपचा फोटो मोठा करून. "मॅडम, या महिन्याला शंभर रुपये जास्तीचे कापलेत, कशाचे?" मग मी सांगते की दादा ते पीटीचे, म्हणजे प्रोफेशनल टॅक्सचे, बाकीचे महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. "पण का?" तर सरकारला वर्षाचे अडीच हजार पाहिजेत, त्याला बाराने भागलं की २०८ रुपये ३३ पैसे येतात, ते कोण कापत बसणार, म्हणून अकरा महिने दोनशे आणि एका महिन्यात तीनशे, हिशोब मिटला. यंदा आला तो वेल्डिंगकडचा हेल्पर होता, परभणीकडचा, नवीनच लागलेला. त्याला हिशोब पटला पण तो तिथेच उभा राहिला आणि म्हणाला, "मग मोठ्या साहेबांचे किती कापले?" मी म्हटलं तेवढेच. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. मी चाकणजवळच्या एका कंपनीत पगाराचं काम बघते, गाड्यांचे सुटे भाग बनतात आमच्याकडे, आणि बरीच वर्षं या एकाच एक्सेल शीटकडे बघत आलेय. हेल्परपासून डायरेक्टरपर्यंत सगळे त्याच शीटमध्ये, एकाखाली एक. पीटीचा कॉलम इतका कंटाळवाणा असतो की वरच्या सेलमधला आकडा धरून खाली ओढला की झालं काम. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिन्याला साडेसात हजारापर्यंत असेल तर काही नाही, दहा हजारापर्यंत १७५, आणि दहा हजाराच्या वर गेला की दोनशे. मग दहा हजार एक रुपया असो नाहीतर दहा लाख. आता शहराजवळच्या कारखान्यात दहा हजाराच्या आत पगार कोणाला असतो, किमान वेतनच त्याच्यापुढे गेलंय, म्हणजे स्लॅब नावाला आहेत, प्रत्यक्षात सगळ्यांना सारखाच. तेरा हजार पगारवाल्याच्या वर्षभराच्या पगारातले हे अडीच हजार म्हणजे दीड टक्क्याच्या वर जातात. महिन्याला पाच लाख घेणाऱ्याचे किती, तर ०.०४ टक्के. त्याला स्लिपवर ती ओळ दिसतही नसेल.

गंमत म्हणजे या टॅक्सचं कूळ एकदम चांगलं आहे. १९७२चा दुष्काळ पडला, खडी फोडायला माणसं रांगा लावून उभी होती, तेव्हा वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना राज्याने मोठ्या प्रमाणावर हातात घेतली, तीच रोहयो, जी पुढे २००५च्या कायद्याने देशभर गेली. तिला पैसा लागणार, तो कुठून आणायचा, तर शहरात नोकरीधंदा करणाऱ्यांकडून, म्हणून १९७५ साली हा व्यवसाय कर आला. जमा होईल त्यात राज्याने आपले तेवढेच घालायचे असं ठरलं. म्हणजे ज्याच्या हाताला पक्कं काम आहे त्याने, ज्याच्या हाताला नाही त्याच्यासाठी थोडं द्यावं. मला तरी यात खोट काढायला जागा दिसत नाही. पण आज माझ्या शीटमध्ये तो ज्यांच्याकडून कापला जातो त्यातले निम्मे त्याच दुष्काळी भागातून आलेले आहेत, काहींच्या आज्या रोहयोवर पाझर तलाव खणायला गेलेल्या आहेत, आणि ते डायरेक्टरच्या बरोबरीने भरतायत.

हे असं का झालं तर त्याला वरची मर्यादा आहे, आणि ती थेट घटनेत आहे. कलम २७६. १९५०मध्ये घटनेने राज्यांना सांगितलं होतं की असा कर लावा पण माणशी वर्षाला २५० रुपयांच्या वर नको. १९८८च्या घटनादुरुस्तीत ते २,५०० केले. आणि तिथेच काटा अडकलाय. १९८८मध्ये अडीच हजार म्हणजे चांगल्या अधिकाऱ्याचा महिन्याचा पगार होता हो, तेव्हा हा कर खरोखर वर चढत जाणारा असणार. आता वरचं टोक हलवायचं तर पुन्हा संसदेत घटनादुरुस्ती, ती कोण करणार एवढ्यासाठी. पण खालचं टोक? ते राज्याच्या हातात आहे. कर्नाटकने २०२३च्या एप्रिलपासून २५ हजारापर्यंतच्या पगाराला हा कर माफ केला. महाराष्ट्रानेही त्याच महिन्यापासून २५ हजाराची सूट दिली, पण फक्त बायकांना. चांगलंच केलं, माझी तक्रार नाही. पण क्वालिटीत बसणारी २४ हजारवाली मुलगी शून्य भरते आणि तिला पार्ट आणून देणारा १३ हजारवाला हेल्पर अडीच हजार भरतो, हे शेजारी शेजारी दोन ओळींत रोज दिसतं.

याच्या शेजारी टीडीएसचा, म्हणजे पगारातूनच कापायच्या इन्कम टॅक्सचा कॉलम आहे. तो आधी भरलेला असायचा. जानेवारी आला की आमच्याकडे प्रूफ द्यायची जत्रा, एलआयसीच्या पावत्या, होम लोनची सर्टिफिकेटं, आणि भाड्याच्या पावत्यांवर सासऱ्यांच्या सह्या (एकाच पेनाने केलेल्या बारा महिन्यांच्या बारा सह्या, मी काय बोलणार). आता बहुतेक जण नव्या रेजीमला, म्हणजे बहुतेक वजावटी सोडून कमी दर घ्यायच्या पद्धतीला गेले आणि २०२५च्या बजेटनंतर तो कॉलम असा रिकामा झाला की मला पहिल्या महिन्यात वाटलं फॉर्म्युलाच उडाला. १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे टॅक्स माफ, आणि पगारदारांना वर ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे वर्षाला पावणेतेरा लाख, महिन्याला लाखाच्या वर पगार असला तरी इन्कम टॅक्स शून्य. मला आनंदच झाला, मीही त्यातच बसते. पण एक दिवस दोन्ही कॉलम एकत्र बघताना लक्षात आलं की महिन्याला एक लाख सहा हजार घेणारा टूल रूमचा मॅनेजर आणि तेरा हजार घेणारा हेल्पर, हे दोघं पगारातून सरकारला थेट कर देतात तो अगदी सारखा. अडीच हजार. एका रुपयाचा फरक नाही.

आणि तरी कँटीनमध्ये विषय निघाला की वाक्य ठरलेलं, "आपण दोन टक्के लोक टॅक्स भरतो आणि बाकीचे फुकट खातात." डिझाइनमधला एक जण आहे, हुशार आहे, मला आवडतोही, पण त्याच्याकडे या विषयावरचे फॉरवर्ड संपतच नाहीत. लाडकी बहीण चालू झाल्यापासून तर जेवताना रोज. "माझ्या टॅक्सवर पंधराशे वाटतायत." मी एकदा त्याला म्हटलं तुझा मोबाइल दे. त्याचं रिचार्ज २९९चं. त्यात १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण पंचेचाळीस रुपये सरकारचे. आता हेल्परचा मोबाइल बघ, तोच पॅक, तेच पंचेचाळीस. तुझ्या पगारात ते पंचेचाळीस शोधायला भिंग लागेल, त्याला महिनाअखेरीला ते टोचतात. पेट्रोलचं तेच, पंपावर केंद्राची एक्साइज आणि राज्याचा व्हॅट भरताना कोणी पगार विचारत नाही. त्या हेल्परच्या बायकोला पंधराशे मिळत असतील तर त्यातले किती दुकानातनं आणि पंपावरनं परत जातात हेही धरशील की नाही? त्यावर तो म्हणाला हे इनडायरेक्ट झालं, मी इन्कम टॅक्सबद्दल बोलतोय. बरं. पण मग बोलताना "टॅक्स" म्हणू नकोस ना, "इन्कम टॅक्स" म्हण, कारण इन्कम टॅक्स खरंच शंभरातले दोनतीनच भरतात, टॅक्स मात्र पाळण्यातल्या पोरापासून सगळे भरतात, त्याच्या पावडरवरसुद्धा होता.

आणि कशावर किती लावला होता ते तरी बघा. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हापासून २०२५च्या सप्टेंबरपर्यंत बिस्किटाला १८ टक्के, मग ते चहात बुडवायचं पाच रुपयांचं ग्लुकोज असो की डब्यातली महागडी कुकी. साबण १८, टूथपेस्ट १८, केसांचं तेल १८. (खोबरेल डोक्याचं की खायचं यावर सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं होतं, २०२४च्या डिसेंबरात निकाल लागला की कंपनीने स्वतः केसांचं म्हणून विकलं नसेल तर छोटी बाटली खायच्या तेलातच धरायची. घरी माझ्या सासूबाई दोन्हीला वापरतात.) आणि या सगळ्या काळात सोन्यावर किती होता? ३ टक्के. पैलू पाडलेल्या हिऱ्यावर २०२२च्या जुलैपासून दीड. त्याचं कारणही आहे, सोन्यावर जास्त लावला की ते चोरट्या वाटेने येतं. साबण काय, त्याची स्मगलिंग कोण करणार. २२ सप्टेंबर २०२५ला साबण, पेस्ट, बिस्किटं ५ वर आली, उशिरा का होईना चांगलं झालं. पण आठ वर्षं साबणाने सोन्याच्या सहापट टक्के भरले.

इथेच मला या सगळ्यातलं सूत्र दिसतं. सरकार कोणाचंही असो, कर बसवताना आधी बघितलं जातं की कोण सहज हाताला लागतो. हेल्परचे दोनशे मी कापते, त्याच्या हातात पगार पडायच्या आधीच. साबणाचे कारखान्यातनं निघतानाच पकडलेले असतात. पगारदाराचा टीडीएसही तसाच. झेपेल किती, हा प्रश्न नंतर येतो, आला तर.

यात नवीन काही नाही म्हणा. १९०२च्या मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखले व्हाइसरॉयच्या कलकत्त्यातल्या कायदे कौन्सिलात बजेटवर पहिल्यांदा बोलले ते याच मुद्द्यावर. फर्ग्युसनमध्ये शिकवलेला माणूस, आकड्यांचा पक्का. देश दुष्काळातनं नुकता बाहेर येतोय आणि सरकार शिल्लक दाखवतंय, ही शिल्लक म्हणजे लोकांच्या खिशातनं गरजेपेक्षा जास्त काढलेले पैसे, असा त्यांचा रोख. तेव्हा मिठावर मणाला अडीच रुपये कर होता आणि मीठ राजा खातो तेवढंच रंकही खातो, उलट भाकरीबरोबर नुसतं मीठ-मिरची असेल तर रंकच जास्त खातो. त्यांनी मिठाचा कर उतरवा म्हटलं आणि पाचशे रुपयांपासून लागणारा इन्कम टॅक्स हजारापासून लावा म्हटलं. पुढच्याच वर्षी, १९०३ला, दोन्ही झालं, मीठ दोन रुपयांवर आलं आणि हजाराच्या आतले लोक सुटले. मला यातलं आवडतं ते हे की त्यांनी कारकुनाला आणि कुणब्याला एकमेकांविरुद्ध उभं केलं नाही. एकाच भाषणात दोघांची बाजू. आमच्या कँटीनमध्ये नेमकं हेच जमत नाही.

कारण डिझाइनवाल्याची आग खोटी नाहीये, फक्त ती खाली बघून ओकली जाते. त्याच्या डोक्यात फुकटे दोनच, एक लाडकी बहीण आणि दुसरा शेतकरी. शेतीचं उत्पन्न करमुक्त, १८८६च्या कायद्यापासून, हे खरं. पण तीन एकर सोयाबीनवाल्याला उद्या इन्कम टॅक्स लावला तरी तो शून्यच भरेल, कारण बारा लाख निव्वळ नफा तीन एकरात कसा काढायचा ते तूच सांग. उलट कीटकनाशकावर तो १८ टक्के भरतो आणि आमच्या कंपनीला जसं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते तशी त्याला मिळत नाही, तो शेवटचा गिऱ्हाईकच. खरी भानगड आहे ती दुसरा धंदा असताना त्याचं उत्पन्न द्राक्षात नाहीतर उसात दाखवणाऱ्यांची. मोठ्या जमिनीवर कर कसा लावता येईल हे अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या समितीने १९७२मध्येच लिहून दिलं होतं. पण हा विषय राज्यांचा, आणि या राज्यात साखर कारखान्याच्या चेअरमनला कोण विचारणार की गेल्या वर्षी एकरी किती टन निघाला आणि तो खरा का.

आणि वर? वर तर बघायलाच कोणी तयार नाही. समजा एकाला वर्षाला ५० लाख पगार आहे. त्याला नव्या रेजीममध्ये जवळपास अकरा लाख टॅक्स बसतो. दुसऱ्याने वर्षाआधी घेतलेले शेअर विकले आणि ५० लाख नफा झाला, दुसरं उत्पन्न काही नाही. त्याला १२.५ टक्के दराने सहा लाखाच्या आतच. रोज सकाळी कंपनीच्या बसला उभा राहणारा दुप्पट भरतो, घरी बसून कमावणारा निम्मा. माझ्या वडिलांच्या एफडीचं व्याजसुद्धा स्लॅबप्रमाणे धरतात, शेअरला मात्र वेगळा दर. जोखीम घेतात म्हणून, असं सांगतात. मान्य, पण प्रेस शॉपला हात घालणाऱ्याच्या जोखमीला वेगळा दर कुठाय? पाच कोटींच्या वरच्यांचा सरचार्ज, म्हणजे टॅक्सवरचा जादा टॅक्स, २०२३ला नव्या रेजीममध्ये ३७वरनं २५ वर आला, कमाल दर ४२.७४वरनं ३९ झाला, तेव्हा कँटीनमध्ये कोणी चहा सांडला नाही. वारसा कर १९८५मध्ये गेला, संपत्ती कर २०१५मध्ये गेला. गोळा करायलाच जास्त खर्च येतो म्हणून गेला, आणि ते खरंही होतं, पण प्रत्येक वेळी महाग पडतो म्हणून जातो तो वरचाच कर असतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मी काही दर वाढवत न्या म्हणत नाही. ते करून झालंय आपल्याकडे. कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री होते त्या काळात, १९७३-७४पर्यंत, दोन लाखांच्या वरच्या उत्पन्नावर सरचार्ज धरून ९७.७५ टक्के इन्कम टॅक्स होता. शंभरातले सव्वादोन रुपये घरी न्यायचे. कोण नेईल? माजी सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने सांगितलं की एवढे दर असतील तर काळा पैसा होणारच, आणि १९७४च्या बजेटमध्ये चव्हाणांनीच तो ७७ टक्क्यांवर आणला. कागदावर ९७ लिहून गरिबाला काय मिळालं, काही नाही. ज्याला लपवता येत होतं त्याने लपवलं आणि पगारदार सापडला, तेव्हाही तोच. त्यापेक्षा दर बेताचे असावेत पण कुठलंही उत्पन्न एकाच मापाने मोजावं, पगार काय, शेअर काय, फी काय, मोठी शेती काय. आणि खालच्याला सोडावं. मुंबईच्या विधानभवनात बसून पुरुषांसाठीही पीटीची मर्यादा २५ हजार करायला घटना बदलायला लागत नाही.

पण एका मापाचं सोडाच, उलटंच चाललंय, आणि त्याला मीच हातभार लावतेय. आमचे एक सीनियर मॅनेजर आहेत, चोवीस लाखांचं पॅकेज. डिसेंबरात आले, म्हणाले, मला पगाराऐवजी कन्सल्टंट म्हणून घेतलं तर काय फरक पडेल, जरा शीट बनवून दे. बनवली. पगारात स्टँडर्ड डिडक्शन जाऊन २३ लाख २५ हजारावर टॅक्स, सेस धरून २ लाख ९२ हजार ५००. तेच चोवीस लाख टेक्निकल कन्सल्टन्सीची फी म्हणून घेतले तर इन्कम टॅक्सचं ४४एडीए कलम लागतं. (नवा कायदा १ एप्रिल २०२६पासूनचा, त्यात कलमांचे नंबर वेगळे, तरी सगळे ४४एडीएच म्हणणार.) त्यात निम्मी फी खर्च म्हणून आपोआप धरतात, बिलं दाखवायची नाहीत, कोणी विचारत नाही. उरले बारा लाख. बारा लाखांवर रिबेट. टॅक्स शून्य. मी तीनदा तपासलं, शून्यच. फीवर १८ टक्के जीएसटी लागेल, पण कंपनी त्याचं क्रेडिट घेते, म्हणजे तोही कोणाच्या खिशातनं जात नाही. पीटी मात्र त्यांनाही, कन्सल्टंट झाले तरी, अडीच हजारच.

माणूस तोच, खुर्ची तीच, डाय ट्रायल घेणार तीच. एचआर खूश, कारण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. सीए म्हणाले सरळ असं करू नका, पंचिंग आणि रजेचे अर्ज तसेच राहिले तर डिपार्टमेंट म्हणेल हा पगारच आहे, म्हणून अ‍ॅग्रीमेंट नीट बनवताहेत, त्यात हजेरी हा शब्द कुठे येणार नाही. मी साहेबांना म्हटलं, सर तुम्हाला मेडिक्लेम मिळणार नाही, रजा मिळणार नाहीत. ते म्हणाले, तीन लाखांत दोन मेडिक्लेम येतात. बरोबरच आहे त्यांचं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, दोन मुलं शिकतायत त्यांची.

एप्रिलपासून त्यांची ओळ माझ्या शीटमधनं निघेल. टीडीएसच्या कॉलममध्ये जे थोडे आकडे उरलेत त्यातला एक मोठा त्यांचाच होता. डिझाइनवाल्याला हे कळलं तेव्हा मला वाटलं आता चिडेल, फुकटे वगैरे काढेल. तो दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, तसली शीट माझीपण करून देशील का?